अजून ऊन आहे

अक्का, सगळं गाव तुला अक्का म्हणायचं म्हणून आम्ही दोघं भावंडंही अक्काच म्हणत आलो. आई अशी हाक तुला कधी मारलीच नाही. दुपारचे पावणेतीन झालेत. तुझे जावई माझ्यासमोर खुर्चीत झोपले आहेत. पलंगावर आडवं झालं की त्यांना बुडाल्यासारखं होतं, म्हणून गेले दोन महिने ही आरामखुर्ची, पाठीला तीन उशा आणि तोंडावर वारा येईल असा लावलेला टेबलफॅन. तूही शेवटी अशीच बसून झोपायचीस. तुला जो आजार होता तोच त्यांना आहे आणि आता तो शेवटाला आला आहे. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला चार दिवस लागले. कॉलेजात तीस वर्षं मुलींच्या जर्नलवर लाल शाईनं ‘निष्कर्ष कुठे आहे?’ असं लिहिणारी मी.

ओट्यावर काचेचा मापाचा नळा आहे, शंभर मिलीचा. तू ओळखशील. तुझ्यासाठी मी तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता. वरची कड जरा टवकली आहे, पण रेघा अजून स्पष्ट आहेत. तू गेल्यावर वीस वर्षं तो माळ्यावर होता. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी यांना दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलं, तेव्हा घरी आल्या आल्या स्टुलावर चढून मी तो काढला, साबणानं धुतला. दुसरं काही सुचलं नाही.

तुझ्या घरात पाणी मोजत नव्हते, गाळत होते. कागलच्या अलीकडचा आपला मळा, विहीर, घागरीच्या तोंडावर दुहेरी घडीचं पांढरं कापड. गाळून झालं की तू ते कापड उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं खळबळायचीस, आणि ते पाणी बादलीतून सावकाश विहिरीत सोडून यायचीस. बादली वरून ओतायची नाही, पार खाली टेकवायची, हेही ठरलेलं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेला उशीर होत होता, म्हणून ते कापड मी पेरूच्या बुंध्याशी पिळलं आणि पळाले. तू मारलं नाहीस. मनगट धरून परत आणलंस आणि विचारलंस, “कुठल्या पाण्यातलं हुतं ते?” विहिरीतलं, मी म्हटलं. “मग विहिरीत न्हेऊन सोडायचं. डोळ्याला दिसत न्हाय म्हणून जीव न्हाय व्हय त्यात? ज्याचं घर जिथं, तिथं त्याला पोचवायचं.” मग दुसरी घागर गाळायला लावलीस, कापड खळबळायला लावलंस, विहिरीपर्यंत पाठवलंस. शाळेत छडी खाल्ली ती वेगळीच. पुढं बीएस्सीला असताना सुट्टीत येऊन मी तुला ऐटीत सांगितलं की सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतात ते जीव कापडातून आरपार जातात, तुझं गाळणं त्यांना अडवत नाही. तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, “मग आनकी घट्ट कापड आणूया की.” मला हसू आलं होतं. आता येत नाही.

आणि तुझा तो नेम. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही. लग्नाच्या आधीपासूनचा. उन्हाळ्यात उसाला पाणी पाजून घरी येईपर्यंत तिन्हीसांजा झाल्या तर तू कोरड्या तोंडानंच झोपायचीस. कोल्हापुरात कुणाच्या लग्नाला आलीस तर कार्यालयाच्या दारात जाऊन आधी पश्चिमेकडं बघायचीस, मग पंगतीला बसायचं की नाही ते ठरवायचीस. मी हॉस्टेलवर रात्री नऊला जेवत होते, तुला ठाऊक होतं. मला एकदाही बोलली नाहीस. नोकरी लागली त्या दिवशी तू गावाहून एसटीनं आलीस. मला वाटलं साडी आणली असशील. पिशवीतून नवंकोरं गाळणं काढलंस, चारी कडा हातानं दुमडून शिवलेलं. मी ते कपाटात टाकलं. आमच्याकडं नळ होता, नळाला फिल्टर होता.

मग तुझं हृदय थकलं. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, दोन पायऱ्या चढलीस की भिंत धरायचीस. मी तुला इथं राजारामपुरीत आणलं. सकाळी एक लिटरची बाटली भरायची, त्यातूनच नळ्यानं मोजून घ्यायचं, आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर वेळ आणि मिली लिहायचं. शेजारणी आल्या की तू सांगायचीस, “माझी लेक मला औषधागत पाणी देती.” तक्रार नव्हती त्यात, कौतुक होतं थोडं. तू कधी चोरून प्यायली नाहीस. ओठांना चिरा पडलेल्या, जीभ टाळूला चिकटलेली, तरी मावळतीला बाटलीत पाऊणशे-शंभर उरलेलंच असायचं. ते मी बेसिनमध्ये ओतायचे, कारण उद्याचा हिशोब उद्या.

तिसऱ्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तू धाकट्याला गावाहून बोलावून घेतलंस आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंस की आता परत तिकडं न्यायचं नाही. “मळ्यातल्या घरात खाट टाका. विहीर दिसंल अशी टाका. बाकी मला काय नगं.” धाकटा म्हणाला, ताई, अक्का म्हणती तसं करूया की. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, तू ऊस बघ, हे मी बघते. तुझ्याकडं वळून मी आणखी वाईट बोलले. औषधं असताना मरायला गावी न्यायचं हा अडाणीपणा आहे, म्हटलं. आणि तुला सल्लेखना घ्यायची असेल, अन्नपाणी सोडून देह ठेवायचा असेल, तर सरळ सांग, माझ्या घरात मी ते चालू देणार नाही. तू शांतपणे म्हणालीस, “एवढी मोठी न्हाय गं मी. मला फकस्त माझ्या जाग्याला जायाचं हाय.” मी ते ऐकलं आणि गोळ्यांची वेळ झाली म्हणून उठले.

चौथ्यांदा दम लागला तेव्हा मीच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आयसीयूला खिडकी नव्हती. आत सदाकाळ तेच पांढरे दिवे, सकाळ-संध्याकाळ काही कळायचं नाही. डॉक्टरांचं म्हणणं होतं की पोटात काहीतरी जायला हवं, संध्याकाळचं औषधही दुधातून द्यायचं होतं. मला भेटायला आत सोडायचे ते संध्याकाळी सात वाजता. पहिल्याच दिवशी मी चमचा पुढं केला तर तू तोंड मिटून माझ्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, “दिवस मावळला काय गं?”

मी म्हटलं, “नाही अक्का, अजून ऊन आहे.”

तू तोंड उघडलंस. सहा चमचे दूध घेतलंस. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सात वाजता. बाहेर रस्त्यावर दिवे लागलेले, आणि मी तुझ्या कपाळावर हात ठेवून सांगत होते की अजून ऊन आहे. उभ्या जन्मात मी तुला एवढं गोड बोलले नव्हते. चौथ्या दिवशी चमचा अर्ध्यावर असताना मागून एक सिस्टर दुसरीला म्हणाली, अगं आठ वाजत आले, तू अजून गेली नाहीस? तू ऐकलंस. माझ्याकडं बघितलंस, दूध ओठांच्या कडेनं बाहेर येऊ दिलंस आणि तोंड मिटून घेतलंस. ते मग माझ्यासमोर उघडलंच नाही. नाकातून नळी घातली. तू ती ओढलीस. तुझे हात खाटेच्या दांड्यांना बांधले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांना भ्रम होतोय का? तू शुद्धीवर होतीस, पूर्ण शुद्धीवर होतीस, आणि तू काय करते आहेस हे त्या दवाखान्यात फक्त मला कळत होतं. मी म्हटलं, हो, भ्रम होतोय. दोन दिवसांनी तू गेलीस. हात सोडल्यावर मनगटांवर पट्टीचे वण होते. धाकट्यानं विचारलं तर मी सांगितलं, सलाईनचे आहेत.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही.

आता यांचं सांगते. तुझ्या जावयांच्या छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं मशीन बसवलंय. हृदयाचा ठोका बेफाम झाला की ते आतून विजेचा झटका देतं आणि ठोका जाग्यावर आणतं. तीन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हा मी पेढे वाटले होते. दोन महिन्यांमागं सकाळी मी पोहे परतत होते, हे स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून शेंगदाणे जास्त घाल म्हणून सांगत होते, आणि बोलता बोलता उडाले. खरंच उडाले, स्टूल पालथं. खाली पडल्यावर दुसरा झटका, मग तिसरा. डोळे उघडे, सगळं कळतंय. मी जवळ बसले पण हात लावायची हिंमत झाली नाही. थोडं थांबल्यावर म्हणाले, “आतनं घोड्यानं लाथ घातली गं.” मग आयसीयूत आठ दिवस. घरी आणलं ते असे, निम्मे.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. बरं न होणाऱ्या माणसांना घरी येऊन बघतात, त्रास कमी करतात, त्याला पॅलिएटिव्ह म्हणतात. मी नाव ऐकूनच चिडले. बरं करायचं नाही तर डॉक्टर कशाला? आली ती पस्तिशीची मुलगी. माझ्या जुन्या विद्यार्थिनी असतात तशी, ओढणी खांद्याला पिन लावलेली. खुर्ची दिली तर नको म्हणाली, यांच्या पायांशी जमिनीवर बसली, सुजलेलं पाऊल मांडीवर घेतलं आणि आधी विचारलं, काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? एवढ्या वर्षांत हा प्रश्न यांना कुणी विचारला नव्हता. मीही नाही. हे म्हणाले, दम लागतो ते हाय, आणि तहान. आणि ते मशीन आता कवा लाथ घालंल ह्याची भीती. डोळा लागतोय तवर दचकून जाग येती.

तिनं सगळं सरळ सांगितलं. हृदय आता सुधारणार नाही. दवाखान्यात नेलं तर काही दिवस वाढतील, ते तिथं घालवायचे की घरी, हे काकांनी ठरवावं. दम लागतो त्यावर मॉर्फिनचे थेंब, अगदी थोडे. तोंडावर पंखा. पाणी मोजणं आता सोडून द्या, तहान लागेल तसं घोट घोट द्या. आणि मशीनचा झटका देणारा भाग बंद करता येतो; माणूस येतो, छातीवर वरून एक चकती ठेवतो, पाच मिनिटांत काम होतं, दुखत नाही, त्यानं जीवही जात नाही. मात्र चालू ठेवलं तर शेवटी ठोके बिघडतील तेव्हा ते झटके देत राहील. माणूस जात असतानाही देत राहील.

हे लक्ष देऊन ऐकत होते. उद्यमनगरात लेथवर जन्म गेला त्यांचा, ऑइल इंजिनांचे भाग करण्यात. म्हणाले, “बरोबर बोलतीय पोरगी. इंजिन बंद करायचं तर आदी लोड काढायचा असतोय. लोडावर बंद केलं की हबकं बसत्यात.” मग माझ्याकडं बोट करून तिला म्हणाले, “माझं ठरलंय. पण मॅडम व्हय म्हणाल्या तरच सही करणार. आमाला ना मूल ना बाळ. मी गेल्यावर ह्या घरात एकटी ती बसणार हाय. तिच्या मनाविरुद्ध करून गेलो तर रोज माझ्याशी भांडंल, आन् उत्तर द्यायला मी नसणार.”

मी म्हटलं, विचार करून सांगते.

आठ दिवस मी विचार केला नाही, अक्का. आठ दिवस मी फक्त नाही म्हणत राहिले. मॉर्फिन म्हणजे अफू, मी रसायनशास्त्राची बाई, मला शिकवायला नको. त्यानं श्वास मंदावतो एवढंच माझ्या डोक्यात. म्हणून तिनं सांगितले त्याच्या निम्मे थेंब मी दोन दिवस दिले आणि कागदावर पूर्ण लिहिले. हे खुर्चीचे हात धरून, खांदे उचलून श्वास ओढत होते, आणि मी समोर बसून बघत होते, स्वतःला काळजीवाहू समजत. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही, पूर्ण मात्रा दिली. सलग तीन तास झोपले. मी दर दहा मिनिटांनी नाकासमोर बोट धरत होते. उठल्यावर म्हणाले, आज औषध बदललं व्हय? मी हो म्हटलं. लिहिताना कळतंय की मी किती सहज हो म्हणते.

पाणी तर मी मोजतच राहिले. मोजणं थांबवायचं म्हणजे कबूल करायचं, आणि मला कबूल करायचं नव्हतं. परवा सकाळी त्यांना न्हाणीघरात स्टुलावर बसवून मी टॉवेल आणायला गेले. परत आले तर हे दोन्ही हातांनी मग धरून आंघोळीचं कोमट पाणी पीत होते. माझ्याकडं बघून थांबले. सत्तरीच्या पुढचा माणूस, अंगावर साबण, आणि चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरीसारखा. मी मग हिसकावून घेतला. म्हटलं, लाज नाही वाटत? एवढं मी करतेय, आणि तुम्ही असं? त्यांनी हनुवटीवरून थेंब गळत होते ते जिभेनं टिपून घेतले. मी बाहेर येऊन फ्रिजवरच्या कागदावर लिहिलं, सकाळी साडेनऊ, अंदाजे दीडशे. लिहून झाल्यावर पेन हातातच राहिलं. तू चोरून कधी प्यायली नाहीस, अक्का. तू तहानेतून उरवत होतीस. यांना चोरायला लागलं. फरक तुमच्यात होता, मी मात्र दोन्ही वेळेला तीच.

त्यानंतर कपाट उघडून तुझं गाळणं शोधलं. का शोधलं ते माहीत नाही. घडीवर पिवळा डाग पडलाय, शिवण जशीच्या तशी आहे. ज्याचं घर जिथं, तिथं त्याला पोचवायचं. डोळ्याला न दिसणारे जीव तू बादलीतून त्यांच्या घरी नेऊन सोडत होतीस, आणि मी तुला खिडकी नसलेल्या खोलीत ठेवलं, हात बांधून. एवढं शिकलेली लेक.

काल संध्याकाळी हे म्हणाले, मला गॅलरीच्या दाराशी न्हे. खुर्ची ढकलत नेली. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागं सूर्य उतरत होता, यांच्या पायांवरच्या शालीवर ऊन पडलं होतं. बराच वेळ दम गोळा करून त्यांनी विचारलं, “एक इचारतो, खरं सांग. परत दवाखान्यात न्हेलंस, तर मी माघारी येतोय काय?”

माझ्या तोंडात ‘हो’ तयार होतं. तोच आवाज, अक्का, तोच गोड आवाज, कपाळावर ठेवायला हातसुद्धा उचललेला. बावीस वर्षांपूर्वी ज्यानं तुला फसवलं तो हात. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते माझ्याकडं तसेच बघत होते जसं तू पहिल्या दिवशी बघितलं होतंस, तोंड उघडायच्या आधी.

मी म्हटलं, “नाही. येणार नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं, माझ्या शब्दानं गेले. मग म्हणाले, “बास. एवढंच पाहिजे हुतं.” आणि थोड्या वेळानं, “चाळीस वर्षांत पयल्यांदा एका वाक्यात उत्तर दिलंस की गं. न्हायतर तासभर लेक्चर.” मी रडले नाही. उठून डॉक्टरला फोन केला आणि म्हटलं, माझं हो आहे. ती म्हणाली, उद्या सकाळी अकरा वाजता माणूस घेऊन येते. मी विचारलं, कागदावर सही कुठं करायची. ती म्हणाली, काकांची झाली की पुरे, पण तुम्ही शेजारी बसा.

तो अकराचा माणूस आज सकाळी येऊन गेला. पाच मिनिटं लागली. छातीवर चकती ठेवली तेव्हा यांनी माझा हात धरला होता, आणि तो निघताना त्याला म्हणाले, “पावणं, च्या घेऊन जावा.” तो जाईपर्यंत मी धीरानं होते. दार लावलं आणि पाठ दाराला टेकून तिथंच जमिनीवर बसले. आता ठोका बिघडला तर परत आणणारं आत काही नाही. मी ते बंद करू दिलं. तुझ्या वेळेला मी सोडायला तयार नव्हते, आणि ती चूक होती. आता सोडलं आहे, आणि ही चूक नाही हे मला कुणी सांगायचं? डॉक्टर सांगते, पण तिला माझा पूर्वेतिहास माहीत नाही. धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, बरं केलंस. पण त्याच्या आवाजात बावीस वर्षांचं काहीतरी होतं, आणि मी घाईनं उसाचं विचारलं. हे झोपेत श्वास घेतात, मग थांबतात. मी आकडे मोजते. बारा, चौदा, एकदा अठरापर्यंत गेले. मग परत घेतात. एवढं लिहून होईपर्यंत मी पाच वेळा पेन खाली ठेवलं आहे. ते गेल्यावर या खुर्चीचं काय करायचं, टेबलफॅनचं काय करायचं, सकाळी कुणासाठी उठायचं, यातलं मला काहीही माहीत नाही. मला भीती वाटते, अक्का. हा शब्द मी तुझ्यापुढं कधी वापरला नव्हता.

हे कुठं पाठवायचं तेही माहीत नाही. आपल्यात श्राद्ध नाही, पितर नाहीत. जीव एक देह सोडतो आणि लगेच दुसरा धरतो, तूच सांगायचीस. म्हणजे तू कुठंतरी असशील, कुणाच्या तरी घरात, बावीस वर्षांची, आणि तुला माझी ओळखही नसेल. क्षमावणीच्या दिवशी दरवर्षी मी सगळ्यांना हात जोडून क्षमा मागते, दूधवाल्यापासून शेजारणींपर्यंत. तुझ्या फोटोसमोर मात्र उभी राहत नाही, काहीतरी काम काढते. हा कागद घडी करून तुझ्या गाळण्यात ठेवणार आहे, कपाटात. तिथंच राहील.

मघाशी हे जागे झाले होते. पाणी मागितलं. फ्रिजवरचा कागद मी सकाळीच फाडून टाकला होता. भांडं भरून दिलं, मान धरली, घोट घोट सगळं प्यायले आणि म्हणाले, विहिरीचं हाय काय, गोड लागतंय. मी न मोजता दिलं, असं मी इथं लिहिलं होतं. ते खोडलं आहे, वर दिसेल तुला. मोजलं होतं. ओट्यापाशी पाठ करून, त्यांना दिसू नये असं. एकशे ऐंशी.